आणे-पै ते नवे पैसे : जांभळी नाक्यावरच्या एका चोपडीच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

चोपडी, म्हणजे हिशेबाची वही, आज हातात आली. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या एका किराणा दुकानाची, १९५६ च्या दिवाळीच्या पाडव्याला पूजलेली आणि पुढच्या दिवाळीला मिटलेली. लाल कापडी बांधणी, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, त्याखाली 'श्री'. मूळ मालकांच्या नातवाने, आम्ही त्यांना दादा म्हणतो, ती विश्वासाने घरी नेऊ दिली. शिवण उसवायची नाही आणि पानं स्कॅनरवर दाबायची नाहीत, एवढंच बजावलं. त्यामुळे सगळे फोटो वरून काढायचे.

हीच चोपडी हवी होती, त्याला कारण आहे. आपल्याकडे दशमान नाणी, म्हणजे रुपयाचे शंभर भाग करणारी, १ एप्रिल १९५७ ला सुरू झाली. सरकारचं वर्ष त्या दिवशी उलटतं, वाण्याचं दिवाळीला. म्हणजे या एकाच चोपडीत पहिले पाच महिने रुपये-आणे-पै आहेत आणि पुढचे सात महिने नवे पैसे, दोन्ही एकाच दिवाणजींच्या, म्हणजे दुकानाच्या हिशेबनीसांच्या, हातचे. नाण्यांबाबतचा १९५५ चा दुरुस्ती कायदा काय म्हणतो ते कुणालाही वाचता येईल. तो गल्ल्यावर कसा उतरला, कुणाच्या हातून पाव पैसा निसटला आणि कुणाच्या हाती आला, हे कळायला मात्र असलीच पानं लागतात.

सगळ्या नोंदी टंकून तक्ता करायचा आणि त्यातून पाडव्याच्या आठवड्यात आमच्या वाचनालयात छोटं प्रदर्शन मांडायचं, असं ठरलं. भाची सोबत आहे. संगणकाचं तिच्याकडे, आकडे वाचण्याचं माझ्याकडे. माझी नोकरीच हिशेबाची आहे, त्यामुळे हे काम मला मनापासून जवळचं वाटतं.

१८ जानेवारी

मजकूर बाळबोध, म्हणजे देवनागरीत, आहे, आकड्यांना मोडी वळण आहे. रुपयांचा आकडा आधी, मग उभ्या काड्या. एक काडी म्हणजे पावली, चार आणे. दोन काड्या अधेली, आठ आणे. तीन काड्या बारा आणे. त्यापुढे आडव्या रेघा, दर रेघेला एक आणा. '२॥=' असं लिहिलं असेल तर दोन रुपये दहा आणे. पैसे आणि पै त्याच्याही पुढे. सवय झाली की ही लिपी सुरेख वाटते. आधी अर्धं, मग त्याचं अर्धं, अशी रक्कम डोळ्यांसमोर उकलत जाते.

तक्त्यात सगळ्या रकमा पैमध्ये साठवायच्या. रुपयाचे आणे १६, पैसे ६४, पै १९२. मूळ आकडा पूर्णांकात राहिला की भाग जातो की नाही याची काळजी नको.

रूपांतराचा नियम भाचीला समजावून दिला. रुपयाचे १०० नवे पैसे, म्हणजे आण्याचे सव्वासहा. अर्धा किंवा त्याहून कमी नवा पैसा उरला तर सोडायचा, अर्ध्याहून जास्त उरला तर पुढचा पूर्ण धरायचा. म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चारांचे २५. पुढे सहा आण्यांचे ३७, दहाचे ६२, चौदाचे ८७. अर्धा सोडायचा, ही यातली मेख. तक्त्यातलं नेहमीचं 'राउंड' वापरलं तर दोन आण्यांचे १३ होतात. भाचीने पायथॉन या संगणकभाषेत करून पाहिलं तर आणखी वेगळंच: त्याचं 'राउंड' बरोबर अर्ध्यावर सम संख्येकडे वळतं, म्हणून १२ आणि ६२ बरोबर आले, पण ३७ चे ३८ आणि ८७ चे ८८ झाले. तिने स्वतःचं सूत्र लिहिलं आणि एक ते पंधरा आण्यांचं कोष्टक त्याच्याशी ताडून घेतलं. आता जुळतं.

२६ जानेवारी

सुट्टी होती, बराच वेळ मिळाला. नोव्हेंबर ते जानेवारीची पानं झाली.

आज जे ध्यानात आलं ते नीट लिहून ठेवतो, कारण प्रदर्शनात याला जागा द्यायलाच हवी. दशमान पद्धत सोपी आणि आणे-पै किचकट, असं आपण शाळेपासून ऐकतो. दिवाणजींची पानं तसं म्हणत नाहीत. मण, शेर, छटाक ही तेव्हाची वजनं. शेराचे छटाक १६ आणि रुपयाचे आणे १६. म्हणजे रुपयाला शेर असेल तर आण्याला छटाक, सव्वा रुपयाला शेर असेल तर सव्वा आण्याला छटाक. हिशेब करावाच लागत नाही. मणाचे शेर ४०. म्हणून मणाचा भाव अडीच रुपये असेल तर शेर एक आण्याला. मणाला पंचवीस रुपये, शेराला दहा आणे. मणाला पस्तीस, शेराला चौदा.

आणि इथेच मला अडीचकी कळली! आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होते. पाठांतराचा सोस म्हणून मी ते सोडून दिले होते. पण 'किती अडीच म्हणजे मणाचा भाव' हे सांगता आलं की शेराचा भाव आण्यांत हजर. अडीचकी म्हणजे वाण्याचा दरतक्ता होता, पोरांच्या तोंडात बसवलेला. १६ चं अर्धं ८, त्याचं अर्धं ४, २, १. तागडीच्या दोन पारड्यांवर माल सारखा वाटत गेलात तर नेमक्या याच पायऱ्या येतात.

मग दशमान कशासाठी? गुणाकार-भागाकार लांबलचक झाले, व्याज शेकड्यांत आलं, कारखान्याचे आणि योजनेचे हिशेब आले, की आण्यांची ही गंमत संपते. सात रुपये अकरा आणे पाच पैचे साडेचार टक्के काढून पाहा. त्या कामाला शंभराची पद्धत हवीच होती, याबद्दल मला शंका नाही. एवढंच की नाणं आधी बदललं आणि वजन नंतर. दशमान वजनं १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. मधल्या दीड वर्षात रुपयाचे भाग १०० आणि शेराचे १६. आण्याला छटाक हे नातं तुटलं होतं आणि त्याच्या जागी नवं काही बसलं नव्हतं. तेव्हाच्या दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला हा काळ सगळ्यात जड गेला असणार.

२ फेब्रुवारी

१ एप्रिल १९५७ चं पान.

सोमवार. पंचांग काढून पाहिलं तर त्या दिवशी गुढीपाडवा होता. पानाच्या डोक्यावर दिवाणजींनी 'चैत्र शु. १' लिहिलंय, हळदीकुंकवाची बोटं उमटली आहेत. भारत सरकारचं राष्ट्रीय पंचांगही आदल्याच महिन्यात, २२ मार्चला सुरू झालेलं. इतक्या गोष्टी एकदम बदलत होत्या!

पानाचं वर्णन इथे सविस्तर करतो, फोटोत सगळं नीट येत नाही. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, म्हणजे खर्च. आदल्या पानापर्यंत रकमेसाठी एकच रुंद रकाना होता. इथे पट्टीने एक उभी रेघ जास्त मारली आहे आणि वर 'रु.' आणि 'न. पै.' असे दोन मथळे आहेत. रेघ पानाच्या तळापर्यंत सरळ जाते. तिच्या बाजूला पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, आण्यांचं कोष्टक उभं लिहिलंय: १-६, २-१२, ३-१९, ४-२५. तिथेच थांबलंय. पुढचं लिहायची गरज नव्हती, कारण पाच आणे म्हणजे पावली आणि एक आणा, २५ आणि ६. चार आण्यांचं वळण कळलं की सोळापर्यंत सगळं येतं. ज्या माणसाच्या डोक्यात पावली पक्की बसली होती, त्याने नवी पद्धत पावलीवरच टेकवली.

पहिली जमा साखरगाठींची. शिल्लक पुढे ओढताना मात्र आदल्या दिवसाची रक्कम आधी काड्या-रेघांत लिहून तिच्यासमोर नवी रक्कम मांडली आहे, एकदाच. त्यानंतर शिलकेच्या ओळीत काडी दिसत नाही.

८ फेब्रुवारी

नाण्यांचे फोटो. दादांच्या घरच्या डब्यातून बरीच निघाली. १९५० च्या मालिकेतला घोड्याचा पैसा, बैलाचा अर्धा आणा, आणा आणि चवली, म्हणजे दोन आणे. युद्धकाळातला भोकाचा पैसाही आहे. नव्या मालिकेतली १, २, ५, १० आणि २५.

एक नवा पैसा भिंगाखाली धरला. ब्राँझचा, गोल, जेमतेम १६ मिलिमीटर. एका अंगाला अशोकस्तंभाचे सिंह. दुसऱ्या अंगाला 'रुपये का सौवाँ भाग', १, 'नया पैसा' आणि १९५७. सालाखाली छोटा चौकट-चिन्हासारखा ठिपका, म्हणजे हा मुंबईच्या टांकसाळीतला. ५ चा चौकोनी, २ आणि १० कंगोऱ्यांचे. अंधारातही बोटांना कळावं असे आकार. 'रुपयाचा शंभरावा भाग' हे नाण्यावरच छापणं मला फार आवडलं. कोष्टक प्रत्येकाच्या मुठीत दिलं. जुना पैसा आणि हा एकच समजू नये म्हणून 'नया' हा शब्द होता, तो १ जून १९६४ पासून गेला.

१६ फेब्रुवारी

एप्रिल आणि मेच्या उधारीच्या खात्यांवर दोन्ही शनिवार-रविवार गेले, आणि सगळ्या कामाचा गाभा तिथे सापडला.

खात्यांत मालाची नोंद १ एप्रिलनंतरही आण्या-पैशांतच आहे! समासात, लहान अक्षरात. हळद १ पैसा, मोहरी १ पैसा, मीठ २ पैसे, चहापूड ३ पैसे, हिंग १ पैसा. महिनाअखेर समासातल्या सगळ्या रकमांची आण्यांत बेरीज आणि त्या बेरजेचं, एकदाच, नव्या पैशांत रूपांतर. ते मात्र मुख्य रकान्यात, ठळक.

वरच्याच पाच जिनसा घ्या. बेरीज आठ पैसे, म्हणजे दोन आणे, म्हणजे १२ नवे पैसे. तेच प्रत्येक जिन्नस वेगळा बदलला तर? जुना एक पैसा म्हणजे १.५६२५ नवे पैसे, नियमाने २. दोन पैशांचे ३, तीन पैशांचे ५. मग २, २, ३, ५, २. एकूण १४. माल तोच, गिऱ्हाईक तेच, कायदा तोच, आणि बारावर दोन जास्त.

भाचीने सूत्र फिरवून टोकाची उदाहरणं काढली. रुपयात पूर्वी एका पैशाच्या ६४ पुड्या यायच्या. एकेक करून घेतल्या तर आता १२८ नवे पैसे लागतात, म्हणजे रुपयावर अठ्ठावीस नवे पैसे जास्त. एका आण्याचा जिन्नस सोळा वेळा घेतला तर ९६ मध्ये भागतं, तिथे दुकानदाराचे चार जातात. म्हणजे आधी बेरीज करून मग बदल करण्यात दिवाणजी कुणावर मेहेरबानी करत नव्हते. काही जिनसांवर गिऱ्हाइकाचं वाचत होतं, काहींवर दुकानाचं. हिशेब खरा राहत होता, बस्स. मला त्या माणसाबद्दल आज फार आदर वाटला.

कायद्यातला अपूर्णांकाचा नियम वाईट नाही. एक ते पंधरा आण्यांच्या कोष्टकातल्या सगळ्या फरकांची बेरीज केली तर देणाऱ्याच्या बाजूने दोन नवे पैसे पडतात. प्रश्न नियम कुठला हा नव्हताच, तो कधी लावायचा हा होता. दर पुडीला लावायचा की महिन्याला?

श्रावणापासून समासातले आणे विरळ होतात आणि भाद्रपदानंतर सगळं सरळ नव्या पैशांत आहे.

२३ फेब्रुवारी

उधारीची खाती कुणाची? ज्यांची पत होती त्यांची. शाळामास्तर, रेल्वेतले बाबू, वकिलाचं घर. रोखीने एकेक पैशाचा माल नेणारे चोपडीत दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी एकच ओळ आहे, 'रोख विक्री', आणि पुढे दिवसाची रक्कम. म्हणजे ज्यांना दर पुडीला २ नवे पैसे मोजायची पाळी आली, त्यांचीच नोंद नाही.

म्हणून आज चेंदणी कोळीवाड्यात गेलो. भाचीच्या मैत्रिणीची आजी १९५७ साली चौथीत होती, घरचं वाणसामान तीच आणायची. मी कोष्टक दाखवायच्या आधीच आजी म्हणाल्या, "आई बजावून धाडायची, एका पैशाचं काय आणू नको. शेजारणीची न आपली हळद एकत्र आण." दोन पैशांची हळद ३ नव्या पैशांना मिळायची, घरी आणून दोन पुड्या करायच्या. वेगवेगळी आणली तर २ आणि २, चार. मग हसून म्हणाल्या, "शाळंत नंतर शिकवलं. आमाला आधीच येत होतं."

त्यांच्या आई बाजारात मासळी विकायच्या. खाडीच्या कोलंबीचा वाटा दोन आण्यांना. नवे पैसे आल्यावर गिऱ्हाईक १२ पुढे करायचं आणि त्या १३ मागायच्या, रोज वाद. शेवटी त्यांनी एकेक वाटा देणंच बंद केलं. दोन वाटे, पावली. म्हणजे २५, कुणाचं काही राहत नाही आणि कुणाचं काही जात नाही. आजींना मी विचारलं, हे कुणी सुचवलं? त्या म्हणाल्या, "सुचवायचं काय त्यात, पाटीपाशी बसलं की दिसतं."

दिवाणजींनी चोपडीत जे केलं, तेच या मायलेकींनी पदरच्या पैशांत केलं. आधी एकत्र, मग बदल. दोघांनाही कुणी शिकवलं नव्हतं. प्रदर्शनात ही गोष्ट दिवाणजींच्या पानाशेजारी, तेवढ्याच आकारात लागली पाहिजे. भाचीशी बोलून हे पक्कं केलं. आजींनी नाव न घालता छापायला परवानगी दिली.

२ मार्च

दुसऱ्या देशांचं एक फलक करायचं की नाही, यावर चर्चा. मी थोडक्यात करू म्हणालो. शेजारच्या सिलोनमध्ये रुपयाचे शंभर सेंट १८७२ पासूनच होते. पाकिस्तानने १ जानेवारी १९६१ ला बदल केला, ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ ला. म्हणजे ज्यांनी आपल्याला आणे-पैचं नाणं पाडून दिलं ते आपल्यामागून चौदा वर्षांनी आले. ऑस्ट्रेलियाने १९६६ मध्ये पौंडच सोडला आणि दहा शिलिंगांचा नवा डॉलर केला, त्यामुळे शिलिंगचे बरोबर दहा सेंट झाले.

हा शेवटचा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आपण रुपया जागचा हलवला नाही. पगार, कर्ज, सारा, भाडं, जे जे रुपयांत होतं त्याला धक्का लागला नाही, आणि ते योग्यच झालं. पण मग सगळी उलथापालथ रुपयाच्या खाली झाली. ज्यांच्या हाती दिवसभरात रुपया येतच नव्हता, त्यांच्या वाट्याला ती पूर्ण आली. नवा पैसा जुन्या पैशाहून लहान असल्यामुळे पुढे किमती जास्त बारकाईने ठरवता आल्या, हेही फलकावर लिहायचं. सुरुवातीचे महिने अवघड होते म्हणून पद्धत चुकीची ठरत नाही.

टपालाचा मजकूर छोटा. तीन पैशांचं कार्ड ५ नव्या पैशांचं झालं, ते कोष्टकाप्रमाणे. पण भारताच्या नकाशाच्या तिकिटांत १३ नव्या पैशांचंही एक तिकीट होतं. दोन आण्यांचे १२ म्हणणाऱ्या कोष्टकाशेजारी ते लावलं की मुलं आपोआप विचारतील.

९ मार्च

फलकांचा क्रम ठरला. आधी अडीचकी आणि छटाक-आण्याचं नातं, मग १ एप्रिलचं पान, मग समासातले आणे, त्याला लागून कोळीवाड्याची हळद आणि कोलंबी. नाणी काचेखाली, सोबत भिंग. परदेशांचं फलक दाराजवळ.

मुलांसाठी एक टेबल मांडणार आहोत. पुठ्ठ्याची नाणी, एका पैशाच्या, दोन पैशांच्या, आण्याच्या चिठ्ठ्या आणि सरकारी कोष्टक. २५ नव्या पैशांत जास्तीत जास्त चिठ्ठ्या मिळवायच्या. भाचीने घरच्या पोरांवर खेळून पाहिलं, धाकटीने चिठ्ठ्या जोडून मागायला लगेच सुरुवात केली.

दादा येऊन सगळं पाहून गेले. समासाचं पान बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, पुढच्या दोन वर्षांच्या चोपड्या माळ्यावर आहेत, गाठोडं सोडून देतो. म्हणजे ऑक्टोबर १९५८ ची पानं मिळणार, शेर जाऊन किलो येतानाची. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. शेराचा भाव किलोला लावताना ते ६७ ग्रॅम भावात धरले का, ते त्या पानांवरून काढायचं. तक्त्यात वजनासाठी नवा रकाना आजच जोडला, सगळी वजनं छटाकात.